गोष्टी सांगायला वेळ कोणी दिला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्राथमिक शाळेत इतिहास-भूगोल गोष्टींच्या पुस्तकांतून शिकवावा, हा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशयांना हे नुकतंच सुचलेलं दिसतं. शिक्षकांनी पाठ्यपुस्तकापलीकडे बघावं म्हणे! अहो, चौथीला 'शिवछत्रपती' १९७० पासून आहे, आणि ते गोष्टीचंच पुस्तक आहे. चौथीतलं पोर इतिहासाला कंटाळलेलं मी तरी पाहिलं नाही. जांभया सुरू होतात त्या पुढच्या वर्गांत.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत झाली. काटोलकडच्या एका शाळेत तिसरीला बाजार शिकवायचा होता, म्हणून एक गोष्ट वाचून दाखवली. शेतकऱ्याचा मुलगा बापासोबत बैलबंडीत बसून फळं विकायला जातो आणि येताना नवा सदरा घेऊन येतो. गोष्ट संपली तशी मागून एक पोरगा उठला, "मॅडम, हे खोटं हाय. आमच्या बाबानं तं संत्र्याचा बगीचा झाडावरच इकला." झालं! इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतला, तोडायला व्यापारी कधी येणार, कोणाचा आंबिया बहार, कोणाचा मृग बहार, सगळी पोरं एकदम बोलायला लागली. एका मुलीनं सांगितलं की गारपीट झाली आणि व्यापारी इसारावर पाणी सोडून फिरकलाच नाही. मग तिच्या बाबांनी उरलेला माल पडेल त्या भावात नागपूरच्या कळमना बाजारात घातला. तिसरीतली पोर, जोखीम कोणाच्या गळ्यात पडते ते समजावत होती. झाडापासून कळमन्यापर्यंतचा संत्र्याचा रस्ता मी फळ्यावर काढत होते आणि पोरं एकेक मुक्काम सांगत होती.

नेमके तेव्हाच शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी टाचणवही (पाठांचं नियोजन लिहायची वही) मागितली, चाळली, "घटक मागे आहे, गोष्टी सांगण्यात वेळ जातो" असा शेरा मारला आणि चहा घेऊन गेले. फळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात गोष्टींतून शिकवण्याचा उल्लेख आला आहे, म्हणजे तेच खातं आता आमच्या मागून आलेल्या शिक्षकांना गोष्टीचं महत्त्व पटवून देणार. द्या बापडे.

शाळांमध्ये बालसाहित्य भरपूर आहे, असंही लेखात म्हटलं आहे. आहे ना, लोखंडी कपाटात आहे. ती पुस्तकं रजिस्टरला चढलेली असतात. बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यायची, कमी भरलं तर भरपाई गुरुजींच्या खिशातून. फाटकं पुस्तक निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून काढायला, जेवढे कागद रंगवावे लागतात, त्यापेक्षा कुलूप परवडतं. लेखकमहाशयांनी एखाद्या शाळेत जाऊन त्या कपाटाची किल्ली मागून बघावी.

आणि लेखासोबतच्या चौकटीतले ते नमुना प्रश्न! 'या गोष्टीतून तुम्हाला काय बोध मिळाला?' असं विचारलं की पोरं गप्प बसतात, नाहीतर 'नेहमी खरे बोलावे' असं लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा विचारा, यातलं काय आपल्याकडे असं होत नाही? पुण्या-मुंबईत छापलेल्या गोष्टीत पोळा बैल ओवाळून संपतो. नागपूरच्या पोराला ते लगेच खटकतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याला लाकडी बैल घेऊन तान्हा पोळ्याला जायचं असतं आणि महाल-इतवारीत मारबत, म्हणजे वाईट गोष्टी घालवायला मिरवत नेतात तो पुतळा, बघायची असते. खटकू द्या त्याला. काळ्या मारबतीचा संबंध लोक नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी का जोडतात, असं विचारलं की भोसल्यांचा आणि इंग्रजांचा इतिहास आपसूक वर्गात येतो. त्याला बाहेरून आणलेली वर्कशीट लागत नाही.

जाता जाता एक. ज्या पानावर आपण हा लेख छापला, तिथे पूर्वी शनिवारी मुलांचं पान असायचं. गोष्ट, कोडं, कधी आमच्या खेड्यातल्या पोरांची कविता. आता तिथे क्लासवाल्यांच्या जाहिराती आणि टॉपरांचे फोटो. बालसाहित्याची एवढी कळकळ असेल तर ते पान पुन्हा सुरू करा, पहिली गोष्ट मी पाठवते. मानधन नको. अंक तेवढा सकाळी वेळेवर टाकायला सांगा, हल्ली आठ वाजून गेले तरी येत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मानेवाडा, नागपूर