रात्रपाळीला एकच मावशी

संपादक महोदय,

माझी आई ८४ वर्षांची आहे. पार्किन्सन्समुळे तिचे हात थरथरतात, चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा रिकामा होतो. दोन वर्षांपासून ती घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या वृद्धनिवासात राहते. सगळे मिळून अकरा जण. तिथल्या मावशी मऊ भात ताकात कालवून तिला भरवतात आणि प्रत्येक घासानंतर थांबून विचारतात, ‘आजी, गिळलंत ना?’ घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, हे त्या कुठल्या कोर्समध्ये नाही, माणसं सांभाळता सांभाळता शिकल्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

पण रात्री या अकरा जणांना एकच मावशी असतात. गेल्या श्रावणात आई पहाटे बाथरूमला जायला एकटीच उठली आणि पडली. मनगट मोडलं. मावशी तेव्हा शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस बदलत होत्या. दर दोन तासांनी ती बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. त्यांना दोष कसा देऊ?

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पैसे भरून राहणाऱ्यांच्या अशा लहान निवासांत रात्री किती माणसं हवीत, हेही शासनाने ठरवून द्यावं आणि कधीतरी रात्री दोन वाजता येऊन पाहावं. दुसऱ्या मावशींचा पगार आम्ही कुटुंबं वाटून भरायला तयार आहोत.

– एक मुलगी, ठाणे (पश्चिम)