नलूआत्याची ट्रंक

शैले,

फोनवर बोलायला गेले की रडू येतं आणि मग तू ओरडतेस, म्हणून लिहितेय. तब्येत ठीक, गुडघे आहेत तसेच, बीपीची गोळी चालू.

आपली चाळ आता खरंच रिकामी करायचीय. ट्रान्झिट कॅम्पातल्या खोलीची चावी मिळाली आणि दादाने पहिलं काम केलं ते माळा काढायचं. नलूआत्याची ट्रंक निघाली गं! ती हिरवी, जिच्यावर बसून तू चिंचा खायचीस. दादा म्हणे भंगारवाला येतोच आहे, देऊन टाकू. मी ती ओढत आतल्या खोलीत नेली आणि वहिनीसमोरच त्याच्याशी भांडले. आत दोन वॉयलच्या साड्या, लाकडी फणी, पेटीच्या नोटेशनची वही (हो तीच, जिच्यापायी आपला अख्खी दिवाळी अबोला होता, आणि ती तिने तुला कबूल केली होती हे मला आजही मान्य नाही), आणि तळाशी आत्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडायच्या मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरची कॉपी, 1912 च्या ल्युनसी ॲक्टखालची, म्हणजे वेड्यांबद्दलच्या कायद्याखालची. इंग्रजांचा तो कायदा आपल्याकडे 1987 चा नवीन येईपर्यंत होताच. एका कागदावर बाई घरातून गेली आणि परत आलीच नाही.

गौरीकडे लंडनला गेले होते तेव्हा ती मला बेथलेम या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलचं म्युझियम बघायला घेऊन गेली होती, ते तुला सांगायचं राहिलंच. हॉस्पिटल 1247 सालचं, आणि अजून चालू, त्याच्याच आवारात हे म्युझियम. आत शिरलं की दोन मोठे दगडी पुतळे, सतराव्या शतकातले, पूर्वी हॉस्पिटलच्या गेटवर असायचे, त्यातला एक साखळदंडात. त्या काळी लोक तिथे पेशंट बघायला जायचे, सहलीला गेल्यासारखे, 1770 मध्ये कुठे त्याला आळा बसला. मला सारखी आपली गॅलरी आठवत होती, आत्या बाहेर आली की पोरं कशी जमायची, आणि तू एकटीच त्यांच्या अंगावर पाणी फेकायचीस. त्या गुप्त्यांच्या बंड्याला तर बादलीच मारली होतीस, त्याची आई भांडायला आली तर तू तिलाही सोडलं नाहीस!

तिथले 1850 च्या सुमाराचे पेशंटचे फोटो मात्र डोक्यातून जात नाहीत. एकाच बाईचे दोन, आजारी असतानाचा आणि बरी झाल्यावर केस नीट विंचरून बसलेली. आत्याचा बरी झाल्यावरचा एकही फोटो आपल्याकडे नाही. बरी तर ती झाली होती ना गं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून कळवलं होतं, न्यायला कोणी गेलं नाही. आता 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की घरचे नेत नाहीत एवढ्यावरून कोणालाही दवाखान्यात डांबून ठेवायचं नाही. वाचून मी रात्रभर जागी होते.

आता प्रश्न असा की ट्रंकेचं करायचं काय. ट्रान्झिटच्या खोलीत जागा नाही हे खरंय. गौरी म्हणते जपून ठेव, अशा वस्तू म्युझियमला हव्या असतात. न्यूयॉर्ककडच्या विलार्ड या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात म्हणे 1995 मध्ये बंद होताना माळ्यावर पेशंटच्या चारशेच्या आसपास सुटकेसा सापडल्या, त्या तिथल्या सरकारी म्युझियमने सांभाळल्या. पण फोटो छापताना नावं झाकावी लागली, प्रायव्हसीचा कायदा. इथेच माझं अडलंय. दादा म्हणतो रश्मीचं लग्न व्हायचंय, स्थळवाले काय म्हणतील, द्यायचीच तर नाव खोडून दे. मला ते पटत नाही. जन्मभर घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही, आणि आता आपण स्वतःच्या हाताने वहीवरचं नाव खोडायचं? पण लोक काचेबाहेर उभे राहून बघणार, मग बंड्या आणि त्यांच्यात फरक काय, हेही मनात येतं. मग वाटतं, फरक आहे, तिचं अक्षर वाचलं, त्या पेटीच्या चिजा वाचल्या की ती कोण होती ते त्यांना कळेल, बंड्याला ते कधी कळलंच नव्हतं. रश्मीला मी विचारलं नाही अजून, विचारायला हवं, तीही तिचीच नात आहे.

तुझ्या सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? सांगलीत यंदा पाऊस कसा? जावयाच्या बदलीचंही कळव.

आणि दादाला एक फोन कर. माझं ऐकत नाही, तुला अजून घाबरतो. रविवारच्या आत कर, सोमवारी टेम्पो येतोय. वही मी बाजूला काढून ठेवलीय, ती कोणाची ते तू आलीस की भांडू.

तुझी,
मंगल