सुट्टीची सूचना वेळेत हवी

महोदय,

अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी आहे की नाही, हे अधिकृत सूचनेआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गतवर्षीच्या पत्रावरून ठरवण्याची वेळ पुण्यातील पालकांवर वारंवार येते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून विसर्ग वाढून सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा शाळांना सुट्टी दिली गेली खरी. परंतु सकाळच्या सत्रातील मुलांच्या व्हॅन उजाडता उजाडताच निघतात, त्यामुळे शक्य तेथे असा निर्णय आदल्या रात्रीच कळवायला हवा.

सुट्टीप्रमाणेच मुलांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाल्यानंतर शासनाने शाळांतील सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीविषयी आदेश काढले. आमच्या भागातील एका शाळेत ही पेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, शिपायाच्या खुर्चीमागे टांगलेली आहे. तिथे चिठ्ठी टाकण्याचे धाडस कोणते मूल करील? (पेटीला कुलूप मात्र भक्कम आहे.)

सुट्टीचे आदेश, समितीच्या सदस्यांची नावे आणि तक्रारपेटी उघडल्याच्या तारखा महापालिकेच्या शिक्षण विभागाने संकेतस्थळावर एकाच ठिकाणी, तारीख-वेळेसह प्रसिद्ध कराव्यात आणि १०९८ हा संकटातील मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक वर्गात ठळक लावण्यास शाळांना सांगावे, ही विनंती.

– एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे