परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: इराणात आधी निरीक्षक परत जाऊ द्या

बोईसर, जि. पालघर
कोजागरी पौर्णिमा, 6 ऑक्टोबर 2025

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्र व्यवहार मंत्री, भारत सरकार
यांस,

स.न.वि.वि.

मी 1979 साली तारापूरच्या अणुवीज केंद्रात लागलो आणि तीस वर्षांहून अधिक काळ इंधनाच्या विभागात काढून निवृत्त झालो. गेल्या आठवड्यात, 28 सप्टेंबरला, संयुक्त राष्ट्रांचे इराणवरचे, त्याच्या अणुकार्यक्रमासाठी घातलेले जुने निर्बंध पुन्हा लागू झाले. दुसऱ्याच दिवशी इराणमधल्या चाबहार बंदरासाठी अमेरिकेने स्वतःच्या निर्बंधांतून भारताला दिलेली सूटही गेली. तेव्हापासून रोज रात्री टीव्हीवर एकच वाद चालू आहे. कोणी म्हणतो निर्बंध आणखी आवळा, कोणी म्हणतो बोलणी करा, कोणी म्हणतो जूनमध्ये अर्धवट राहिलेलं काम बॉम्ब टाकून पुरं करा. या सगळ्यात निरीक्षकांचं नाव क्वचितच येतं, आणि मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तारापूरला येत, तेव्हा त्यांच्यासोबत राहण्याचं काम अनेकदा माझ्याकडे असे. वापरलेलं इंधन पाण्याच्या खोल कुंडात ठेवलेलं असतं. त्यावर त्यांचा कॅमेरा रोखलेला आणि जिथे काही हलवता येईल तिथे त्यांचं सील. हे सील म्हणजे नाण्याएवढी धातूची डबी, तिच्यातून ओवलेली तार. डबीच्या आतल्या बाजूला ओरखडे असतात आणि लावण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवलेला असतो. निरीक्षक तार कापायचा, डबी पिशवीत घालायचा, नवी लावायचा. जुनी व्हिएन्नाला जायची आणि तिथे ओरखडे फोटोशी ताडून बघायचे. सुरुवातीला मला या माणसांचा राग यायचा. आपल्याच घरात येऊन परक्याने आपले डबे मोजावेत, हे कोणाला आवडेल? पुढे कळलं की आम्ही चोरी केलेली नाही याचा जगाला पटेल असा पुरावा त्या डबीएवढा दुसरा कुठलाच नव्हता.

निर्बंध काय असतात, तेही आम्ही तारापूरला पाहिलं. 1963 च्या कराराप्रमाणे अमेरिका तीस वर्षं इंधन देणार होती. 1974 ला पोखरण झालं, 1978 ला अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि पुरवठा अडला. मी नोकरीला लागलो तेव्हा इंधन पुरवून पुरवून वापरायचे दिवस होते. वापरलेलं इंधन अमेरिका परतही नेत नव्हती आणि आम्हाला त्यावर प्रक्रियाही करू देत नव्हती. कुंड भरत चाललं होतं. 1982 ला फ्रान्सशी करार झाला तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. या सगळ्याने भारताचा अणुकार्यक्रम थांबला का? उलट, जे बाहेरून मिळत नाही ते इथेच करायचं, ही जिद्द आमच्या वरिष्ठांच्या अंगात भिनली. इराणमधल्या माझ्यासारख्या कोणा तंत्रज्ञाच्या अंगात ती भिनली नसेल, असं मी कसं मानू?

पण तारापूर आणि इराणचं नतान्झचं अणुकेंद्र मी एका मापाने मोजत नाही. इराणने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली आहे, आपण ती कधीच केली नाही. सही करून त्यांनी नतान्झ लपवलं, ते 2002 साली उघडकीला आलं. डोंगराच्या पोटातलं फोर्दो 2009 ला समोर आलं. जाहीर न केलेल्या जागी युरेनियमचे अंश सापडले, त्यांचा नीट खुलासा त्यांनी दिला नाही. आणि 60 टक्के शुद्धतेचं युरेनियम कुठल्याच वीज केंद्राला लागत नाही. आमच्या तारापूरच्या इंधनाला दोन-अडीच टक्के पुरायचे.

ही टक्केवारी घरच्यांना समजावताना मी तांदूळ निवडण्याचं उदाहरण देतो. ताटात हजार दाणे आहेत, म्हणजे खाणीतून आलेलं युरेनियम, त्यातले सातच कामाचे. 3.67 टक्क्यांपर्यंत यायला आठशेच्या वर दाणे बाजूला काढावे लागतात. उरतात एकशे नव्वद. 60 टक्क्यांवर ताटात उरतात बारा. आणि बॉम्बासाठी लागणारे 90 टक्के गाठायला त्या बारांतले फक्त चार काढायचे. म्हणून 60 टक्क्यांचा साठा ही गंभीर गोष्ट आहे. इस्रायलमधल्या आईबापांना त्याची भीती वाटते ती खोटी नाही.

ही वाट 2015 साली अडवलेली होती. 14 जुलैला व्हिएन्नात इराणचा अमेरिकेसह सहा मोठ्या देशांशी करार झाला. शुद्धतेची मर्यादा 3.67 टक्के, साठ्याची 300 किलो. युरेनियम शुद्ध करणारी यंत्रं, म्हणजे सेंट्रीफ्यूज, सुमारे एकोणीस हजार होते, ते सहा हजारांवर आणायचे. अराकच्या अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट ओतलं. अकरा टनांहून जास्त युरेनियम जहाजाने रशियाला गेलं. एकही गोळी न झाडता. निरीक्षक आत होते आणि अहवालामागून अहवालात इराण अटी पाळतोय असं सांगत होते. मे 2018 मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली आणि निर्बंध पुन्हा आले. इराणने वर्षभर वाट पाहिली, मग एकेक अट मोडायला घेतली. फेब्रुवारी 2021 मध्ये आयत्या वेळी कळवून होणाऱ्या तपासण्या बंद, एप्रिलमध्ये 60 टक्क्यांचं काम सुरू, जून 2022 मध्ये 27 कॅमेरे उतरवले. कॅमेरा उतरवणं म्हणजे काय, हे ज्याने त्याच्यासमोर नोकरी केली त्याला विचारा. त्या दिवसापासून पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

मग यंदाचा जून. ओमानच्या मध्यस्थीने बोलणी चालू होती, 15 तारखेला मस्कतला पुढची फेरी ठरलेली होती. 13 तारखेला इस्रायलने हल्ला केला. 22 तारखेला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले. इराणच्या सरकारी आकड्यांप्रमाणे तिथे हजारावर माणसं गेली, इस्रायलमध्ये तीसच्या आसपास. जुलैच्या सुरुवातीला उरलेसुरले निरीक्षक इराण सोडून निघाले. युद्ध सुरू झालं त्या दिवशी 60 टक्क्यांचं युरेनियम 440.9 किलो होतं, असा संस्थेचा हिशोब आहे. आणखी शुद्ध केलं तर साधारण दहा बॉम्बांना पुरेल एवढं. आज ते नेमकं कुठे आहे, हे तिथे जाऊन पाहिलेला एकही निरीक्षक नाही. युद्धाच्या आधी निदान मोजमाप तरी होतं.

1981 साली इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली तेव्हा आमच्या कँटीनमध्ये खूप वाद झाले होते. पुष्कळांना वाटलं, प्रश्न मिटला. पुढे 1991 च्या युद्धानंतर कळलं की सद्दामचा कार्यक्रम त्या हल्ल्यानंतर लपूनछपून आणि जास्त जोराने चालू होता. 2003 मध्ये तर निरीक्षक इराकमध्ये हजर होते, संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स आणि व्हिएन्नाच्या संस्थेचे प्रमुख एलबरादेई आणखी थोडे महिने मागत होते. ते दिले गेले नाहीत. युद्ध झालं, शस्त्रं सापडली नाहीत.

साहेब, हे आपल्याला मी सांगावं असं नाही. आपला अभ्यासाचा विषयच अणुविषयक मुत्सद्देगिरी. आपले वडील के. सुब्रह्मण्यम यांचे लेख आमच्या वाचनालयात कात्रणं काढून ठेवलेले असायचे. 2005 साली आपण अमेरिका विभागाचे सहसचिव होतात आणि अणुकराराच्या वाटाघाटींत होतात. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला भारताने व्हिएन्नात इराणविरुद्ध मत दिलं, फेब्रुवारी 2006 मध्ये पुन्हा दिलं. 2008 साली आपल्याला आंतरराष्ट्रीय अणुव्यापाराची दारं उघडली. त्या मताबद्दल मी आज भांडायला आलेलो नाही. पण 1998 च्या अणुचाचण्यांनंतर आपण निर्बंधांत अडकलो होतो तेव्हा आपले जसवंत सिंह आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टालबॉट चौदा वेळा भेटले होते. कोणीतरी आपल्याशी बोलत राहिलं, म्हणून आपण बाहेर आलो. यंदा 14 जूनला शांघाय सहकार्य संघटनेने इराणवरच्या हल्ल्याचा निषेध केला तेव्हा भारत त्यातून बाजूला राहिला. 1 सप्टेंबरला चीनमधल्या तियानजिनला त्याच संघटनेच्या परिषदेत मात्र तशाच निषेधाला भारताचीही संमती होती. मला तियानजिनचा भारत आपला वाटला. तीच भूमिका भारताने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या शब्दांत मांडावी.

मांडायला आपल्या हातात एक मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. 31 डिसेंबर 1988 ला भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार केला. 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, 26/11 झालं, यादी दिली गेली. आम्ही कॉलनीत राहायचो, केंद्रापासून जवळच. मुलं शाळेत, बायको बाजारात, मी पाळीला. सीमेवर तणाव असला की घरचे विचारायचे, इथे बॉम्ब पडला तर? मी त्या कराराचं नाव घ्यायचो. कागदाचा एवढा आधार असतो.

19 जूनला इस्रायलच्या लष्करी प्रवक्त्याने बुशहरच्या अणुवीज केंद्रावर हल्ला केल्याचं सांगितलं आणि नंतर ते चुकून बोललं गेलं असा खुलासा आला. त्या मधल्या वेळात माझ्या पोटात गोळा आला होता. बुशहर ही चालू अणुभट्टी आहे, आखाताच्या काठावर. कुवेत, कतार, बहरीन त्याच समुद्राचं पाणी गोडं करून पितात. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं त्या देशांत आहेत. हल्ला खरा ठरला असता तर त्यांनी प्यायचं काय?

आता एक घरगुती गोष्ट. घोलवडला माझे एक जुने स्नेही आहेत, चिकूच्या वाडीवाले, इराणी झरथुष्ट्री. त्यांचे आजोबा यझ्दहून आले. हे स्वतः गुजराती आणि मराठी एका दमात बोलतात. चुलत बहीण अजून यझ्दला असते, तिला अपस्मार आहे. जूनमध्ये इराणचं इंटरनेट बंद पडलं तेव्हा मी त्यांच्या ओटीवर होतो. ते दर थोड्या वेळाने फोन उचलून बघत, मेसेजला एकच टिक. पावसाने वाडीत चिखल झालेला, गडी काहीतरी विचारायला आला, त्यांना ऐकूच गेलं नाही. पाच दिवसांनी दुसरी टिक आली. ती सुखरूप होती. तिच्या गोळ्यांचा प्रश्न मात्र युद्धाच्या आधीपासूनचा. कागदावर औषधांना निर्बंध लागू नाहीत. प्रत्यक्षात बँका इराणचं नाव ऐकून व्यवहारच घेत नाहीत. हे स्नेही तिच्या गोळ्या इथे घेतात आणि जाणारा कोणी मिळाला की त्याच्या बॅगेत घालतात. तेहरानच्या राज्यकर्त्यांना एकही गोळी कमी पडत नसेल. 2022 मध्ये रस्त्यावर उतरलेल्या ज्या मुलींवर त्यांनी हात उचलला, त्यांच्याच घरात ही टंचाई आहे.

म्हणून विनंती करतो. संस्थेच्या नियामक मंडळावर भारत आहे आणि मंडळाची पुढची बैठक नोव्हेंबरमध्ये आहे. तिथे भारताने स्वतःचा प्रस्ताव न्यावा: निरीक्षक सर्व ठिकाणी परत जातील, 440 किलोचा हिशोब लागेल, आणि ज्या प्रमाणात हिशोब लागेल त्या प्रमाणात निर्बंध उतरतील. 9 सप्टेंबरला कैरोत इराण आणि संस्थेमध्ये तपासण्यांबाबत समझोता झाला होता, त्याचा धागा अजून पूर्ण तुटलेला नसावा. मस्कतला जी फेरी झाली नाही तिच्यासाठी दिल्लीने जागा देऊ करावी. दोन्ही बाजूंशी बोलू शकणारे देश थोडे आहेत आणि आपण त्यांतले आहोत. 1988 च्या कराराचं तत्त्व, देखरेखीखालच्या अणुकेंद्रावर कोणीही हल्ला करू नये, हे भारताने इस्रायल, अमेरिका आणि इराण तिघांनाही उघडपणे ऐकवावं. आणि औषधांच्या पैशांसाठी एक वाट काढावी. 2012 मध्ये युको बँकेमार्फत इराणच्या तेलाचे पैसे रुपयांत द्यायची सोय आपणच केली होती. तेलासाठी जे जमलं ते गोळ्यांसाठी जमेल.

घोलवडहून काल फोन होता. मागच्या महिन्यात पाठवलेल्या गोळ्या तिला डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुरतील. पुढची पाकिटं आणून ठेवली आहेत, नेणारा अजून मिळालेला नाही.

कळावे,

आपला नम्र,
तारापूर अणुवीज केंद्राचा एक निवृत्त कर्मचारी