समुद्रतळावरचे जिवंत झरे खाणकामातून वगळा

माननीय डॉ. जितेंद्र सिंह,
केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी (देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रतळावरील खनिजांचं नियमन करणाऱ्या संस्थेशी) झालेल्या करारामुळे हिंदी महासागराच्या तळावरच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेतल्या १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू सल्फाइड (धातू आणि गंधक यांची खनिजं) शोधण्याचा हक्क भारताला मिळाला. या खनिजासाठी पहिला करार २०१६ मध्ये झाला, हा दुसरा. त्यातलं मोठं काम गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ करतात, याचा आम्हाला अभिमान आहे.

ही रांग सह्याद्रीच्या माणसांना परकी नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला त्याच सुमारास सेशेल्सचा भूभाग आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून तुटला, आणि मधल्या भेगेत ही रांग घडत गेली. ती भेग आजही वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर रुंदावते आहे. तिथल्या फटींत शिरलेलं समुद्राचं पाणी खालच्या उष्णतेने तापतं, खडकातलं तांबं, जस्त, सोनं विरघळवून घेतं आणि साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापून वर उसळतं; हेच समुद्रतळावरचे जिवंत झरे. थंड पाण्याला भिडताच धातूंची सल्फाइडं साचून धुराड्यांसारख्या चिमण्या उभ्या राहतात. आपल्याला हवं असलेलं खनिज ते हेच.

पण त्याच चिमण्यांभोवती, काळ्याकुट्ट अंधारात, जीवसृष्टी आहे. कार्ल्सबर्ग रांगेला दक्षिणेकडे जोडलेल्या मध्य हिंदी महासागरी रांगेतल्या कैरेई झऱ्यांपाशी २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले आहेत, आणि खवल्यांवर व शंखावर चक्क लोहाच्या सल्फाइडचा थर! तिचं पोषण तिच्याच शरीरातले जिवाणू करतात. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत ती संकटग्रस्त ठरली. खोल समुद्रातल्या संभाव्य खाणकामामुळे त्या यादीत गेलेला हा पहिला जीव. तेव्हा ठाऊक असलेल्या तिच्या तिन्ही वस्त्यांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे पाच एकर. एवढ्या जागेत एक यंत्र उतरलं तर उरणार काय?

शोधकार्याला आमचा विरोध नाही. ते जोमाने व्हावं. पण शोध वेगळा आणि उत्खनन वेगळं, आणि उत्खननाचे नियम अजून ठरायचे आहेत. म्हणून आत्ताच मागणी करतो: भारताच्या दोन्ही क्षेत्रांतले सक्रिय झरे आणि त्यांच्या भोवतीचा पट्टा उत्खननातून कायमचा वगळल्याचं आपण लेखी जाहीर करावं, प्राधिकरणाच्या बैठकीतही तीच भूमिका मांडावी. निवलेल्या झऱ्यांच्या ढिगाऱ्यांबाबतही आधी जीवांची पाहणी व्हावी आणि तिची माहिती, छायाचित्रांसह, सर्वांना खुली करावी.

आपला विश्वासू,
एक कोकणवासी नागरिक