‘समजलं ना?’ एवढं विचारून भागत नाही

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, "बाबा, दिवसभरात कोणत्या गोळ्या घेतल्यात?" तुम्ही म्हणालात, "ती पांढरी, दुसरी पांढरी आणि ती अर्धी." अर्धी कशाची, म्हटलं तर, "डॉक्टरांनी दिलीय, हृदयाचीच असणार." फोन ठेवला आणि रात्रभर मला चैन पडलं नाही. फोनवर मी औषधांचं बोलायला लागले की तुम्ही दोघंही "हो, हो" म्हणता आणि विषय माझ्या जेवणाकडे वळवता. म्हणून लिहायला बसले. कागद हाताशी राहतो, पुन्हा काढून वाचता येतो.

डिस्चार्जच्या दिवशी काय झालं असेल ते मला इथे बसूनही दिसतं, कारण नर्स म्हणून रोज मी पलंगाच्या त्या बाजूला उभी असते. बाबा कपडे बदलून, पिशवी भरून पलंगाच्या कडेला बसलेले. कधी एकदा घरी जातो असं झालेलं. आई, तू खाली बिलाच्या काउंटरवर. सिस्टर कार्ड आणि औषधं घेऊन आल्या, एकेक पट्टी दाखवत सांगत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "समजलं ना काका?" बाबा "हो" म्हणाले. सही झाली.

त्या सिस्टरांना मी दोष देत नाही. एकीकडे सलाइन संपत आलेलं, दुसरीकडे नवीन ॲडमिशन, फोन वाजतोय, अशा वेळी मीही असंच केलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे, तुम्हाला कधी सांगितली नव्हती. हृदय कमजोर झाल्याने अंगावर सूज असलेले एक आजोबा होते. त्यांना लघवीची गोळी सुरू होती. घरी जाताना मी त्यांना नाव सांगितलं, वेळ सांगितली, कार्डावर १-०-० लिहिलेलं दाखवलं, म्हणजे सकाळी एक, दुपारी आणि रात्री नाही. ते मान डोलवत होते. आठ-दहा दिवसांत ते परत आले, पाय सुजलेले, आडवं झालं की धाप. गोळी त्यांनी तिसऱ्याच दिवशी बंद केली होती. कारण काय, तर "त्या गोळीने सारखं लघवीला जावं लागत होतं, म्हटलं हिचा त्रास होतोय." लघवी जास्त व्हावी म्हणूनच ती दिलेली आहे, त्यातूनच अंगात साठलेलं पाणी निघतं आणि श्वास मोकळा होतो, हे एक वाक्य मी बोलले नव्हते. ते बरे होऊन गेले. पण ते सुजलेले पाय मी विसरलेले नाही.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आमच्याकडून घोकून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. बाबा, तुम्ही वैतागून म्हणालात ना, "हातात पट्टा आहे, तरी दर वेळी नाव विचारतात"? ते यासाठीच. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून नाव त्याच्या तोंडून घ्यायचं आणि मग पट्ट्यावर ताडून बघायचं.

हाच नियम समजावतानाही लागू आहे, हे मला त्या आजोबांनंतर कळलं. "समजलं ना?" या प्रश्नाला माणूस हो म्हणतोच. नाही म्हणायला त्याला संकोच वाटतो, आमचा वेळ जाईल असंही वाटतं. आता मी स्टूल ओढून बसते. उभ्याने सांगितलं की समोरचा माझ्या पायांकडे बघतो, ही निघाली की काय म्हणून. घरी गोळ्या कोण काढून देणार ते आधी विचारते आणि त्या माणसाला बोलावून घेते. पट्टी पेशंटच्याच हातात देते. दोन-तीन गोष्टी सांगून थांबते आणि म्हणते, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरच्यांनी विचारलं तर ही गोळी कशाची म्हणून सांगाल?" मग गप्प बसते. हे गप्प बसणं अवघड असतं. माणूस पट्टी उलटसुलट करतो, छताकडे बघतो आणि हळूहळू बोलायला लागतो. त्यात काय निसटलंय ते लगेच कळतं. तेवढंच पुन्हा सांगायचं, वेगळ्या शब्दांत, आणि पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकायचं. इनहेलर असेल तर ओढून दाखवायला लावते. आत्मविश्वासाने "येतं मला" म्हणणारे कितीतरी जण आधी श्वास सोडायचाच विसरतात.

बाबा, आता तुमच्या गोळ्या. कार्डाचा फोटो मी चार वेळा वाचला.

सकाळची पहिली पांढरी म्हणजे फ्युरोसेमाइड, तीच लघवीची गोळी. सकाळी घ्यायची म्हणजे रात्री झोपमोड होत नाही. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. उठताना आधी कडेला बसा, मग उभे राहा, चक्कर येऊ शकते.

दुसरी पांढरी मेटोप्रोलॉल, ठोके आवरायची. आई, मोठी गोळी बाबांना गिळवत नाही म्हणून तू ती कुटून देतेस असं ओझरतं म्हणालीस. कृपा करून ही कुटू नकोस. ती दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनवलेली आहे. चुरा केला की सगळं औषध एकदम अंगात जातं. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगू, ते पर्याय देतील.

आणि ती अर्धी, जिच्यासाठी मी झोपले नाही. ती वॉरफरिन आहे, रक्त पातळ ठेवणारी. तुमचे ठोके अनियमित आहेत, त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. ते होऊ नये म्हणून ही गोळी. आयएनआर नावाची रक्ततपासणी असते, तुमच्यासारख्यांचा आकडा २ ते ३ मध्ये हवा. त्याखाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. अर्धी, पाऊण, एक असं त्या आकड्यावरूनच ठरतं. संध्याकाळी घ्यायची, कारण सकाळच्या तपासणीचा रिपोर्ट आला की मात्रा त्याच दिवशी बदलता येते. एखाद्या दिवशी विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाची नेहमीचीच घ्या, भरपाई म्हणून दोन घेऊ नका, आणि चुकल्याचं लिहून ठेवा. गुडघ्यासाठी कपाटात ठेवलेली ती दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय अजिबात नको, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पालेभाज्या बंद करू नका, फक्त एक आठवडा भरपूर आणि एक आठवडा शून्य असं नको. काळी शी, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर वाट न बघता दवाखान्यात जायचं.

आई, तुझंही एक आहे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम तू सकाळी एकदमच घेतेस. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर ठेव. हे तुला कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं, आणि मीही इतकी वर्षं विचारलं नाही याचं जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करायची मोहीम सुरू केली. तिच्यात लोकांसाठी तीनच शब्द आहेत: जाणून घ्या, तपासा, विचारा. बाबा, विचारलं की सिस्टर चिडतील असं तुम्हाला वाटतं. मी सिस्टर आहे, मी सांगते, पट्टी पुढे करून "ही कशाची?" विचारणारा पेशंट आम्हाला हवा असतो. वॉर्डात एकदा एका बाईंनी "माझी गोळी गुलाबी नव्हती" म्हणून माझा हात धरला होता. मी तपासलं. गोळी शेजारच्या पलंगाची होती.

रविवारी संध्याकाळी फोन करते. पट्ट्या, कार्ड आणि वजनाची वही समोर घेऊन बसा. आधी बाबा एकेक गोळी उचलून सांगतील, ती कशाची, कधी आणि काय झालं तर फोन करायचा. मग आई. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
ताई