पी. बी. रोडच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

आज ३० तारीख. पगार उद्या. रात्री जेवणं आटोपल्यावर बायकोनं डब्यातले, पर्समधले, माझ्या खिशातले असे सगळे पैसे चटईवर ओतले आणि मोजले. खात्यातले धरून १,१४० रुपये. तुम्ही महिन्याच्या हिशेबाच्या कागदावर शिल्लक १,२०० लिहिली होती. म्हणजे साठ रुपयांनी चुकलात. खरं तर ते साठही माझ्याच नावावर आहेत. परवा पावसात सापडलो म्हणून रिक्षा केली.

आम्ही दोघं हसलो. मग मला काय झालं कुणास ठाऊक, उठून जिन्यात येऊन बसलो. तिथंच हे लिहितोय. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "हूं, बस्स बस्स" म्हणून हात झटकला असता. म्हणून आता सगळ्यांच्या देखत.

आमच्या बेळगावात पी. बी. रोड म्हणजे पुणे-बेंगळूर रोड हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमच्या घरात त्यातलं 'पी' तेवढंच चालायचं. मामा पुण्याला, आतेभाऊ चाकणला, गल्लीतली निम्मी पोरं भोसरीत. 'बी'कडं कुणी बघितलंच नव्हतं. उद्यमबागेतल्या कारखान्यात बारा वर्षं मशीनवर काढली, शेवटी हातात १९,००० यायचे. घरभाडं साडेचार हजार, डिपॉझिट वीस हजार, पाणी राकसकोप धरणाचं. मग बेंगळुरातल्या पीण्या या कारखान्यांच्या भागातून व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) ऑपरेटरची जागा आली, ३२,००० म्हणाले, आणि सगळ्या गल्लीनं मला श्रीमंत करून टाकलं. जो तो विचारायचा, "पगार किती?" उरणार किती, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

माझा एक मावसभाऊ नऊ वर्षं बेंगळुरात आहे. गणपतीत आला की आमच्याच घरी पंगतीला बसतो. "ये रे बिनधास्त, घर म्हणजे काय, चुटकीसरशी बघूया," म्हणालेला. बेंगळुरात यशवंतपूर स्टेशनला पहाटे उतरून फोन केला तर म्हणाला, "आज जरा मीटिंग आहे, तू लोकेशन पाठवून ठेव." पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. त्या अजून तशाच आहेत.

दुसरा तो ब्रोकर. त्याला मी बेळगावात बसून, फोटो बघून, पाच हजार टोकन पाठवलं होतं. हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय. (वाचल्यावर बायको बोलेलच, बोलू दे.) खोली तीच होती, फोटोही खरे होते. फक्त तळमजल्यावरच्या संपाचं, म्हणजे जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं, झाकण उघडून बघितलं तर आत तळ दिसत होता. टोकन परत मागितलं तर म्हणाला, नॉन-रिफंडेबल. एवढं इंग्रजी मला कळतं.

तशा अवस्थेत मी दासरहळ्ळीच्या त्या बेकरीसमोर उभा राहून बायकोशी फोनवर बोलत होतो. बोलत कसला, खोटंच सांगत होतो, सगळं बरं आहे म्हणून. फोन ठेवला तर बाजूच्या स्टुलावरनं आवाज आला, "गाव कुठलं म्हणायचं?"

मराठीत! आणि तेही आपल्याकडचं, शेवटाला ओढून बोललेलं. तुम्ही संकेश्वरचे, घरात कन्नड, जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलेला, गडहिंग्लज-चिक्कोडीकडच्या गाड्यांवर मराठी शिकलात, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की कुणीतरी विचारलं.

चहा तुम्हीच सांगितलात. मग माझा ऑफर लेटर फोनवर वाचलात, चष्मा कपाळावर सरकवून, आणि म्हणालात, "बत्तीस नव्हे हे. अठ्ठावीस हजार दोनशे." मला राग आला होता खरं सांगायचं तर. तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत: पीएफ माझा १,८००, कंपनीचा १,८०० तोही त्या बत्तिसातच धरलेला, व्यवसाय कर २००. मी बारा वर्षं नोकरी केली, पण आपल्या पगाराचा कागद असा कधी वाचला नव्हता. मग बेकरीवाल्याकडून पाव गुंडाळायचा कागद मागून घेतलात, खिशातलं निळं पेन काढलंत आणि वरपासून उतरत लिहायला लागलात. दोन्ही बाजूंना रेघ, मध्ये आकडे, अगदी कंडक्टरचं वेबिल, तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरल्यासारखं.

त्या कागदावर भाडं होतं, किराणा होता, नंदिनीचं एक लिटर दूध होतं. गावी पाठवायचे पैसे होते. आणि एक ओळ अशी होती जी मी शंभर वर्षांत लिहिली नसती: "गावाला जाणे - ५००." तुम्ही विचारलंत, वर्षातून किती वेळा जाशील? मी म्हटलं, बघू, जमेल तसं. तुम्ही चिडलात. "जमेल तसं म्हणणारा एकदाही जात नाही, नाहीतर कर्ज काढून जातो. गणपती, दिवाळी, गावची लक्ष्मीची यात्रा. मोज, बाराने भाग." बायकोला तिकीट लागत नाही हेही तुम्हीच त्यात धरलंत. ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसला बायकांना शून्याचं तिकीट, बीएमटीसीच्या सिटी बसलाही आणि आपल्याकडं जाणाऱ्या साध्या गाडीलाही. फक्त आधार कार्ड जवळ पाहिजे. "मी रिटायर झाल्यावर सुरू केलं बघ," म्हणालात, "नाहीतर मलाही शून्य फाडायचा हात बसला असता." आज बायको शिलाईच्या कामाला त्याच शून्यावर जाते.

पण हे पत्र त्या कागदासाठी नाही. कागद दुसऱ्या कुणीही लिहून दिला असता, असं मी स्वतःला सांगून बघितलंय.

हे पत्र तिसऱ्या मजल्यावरच्या त्या नळासाठी आहे.

दुपारी आपण तीन खोल्या बघितल्या. तुमचा गुडघा दुखत होता, पायरीगणिक कठड्याला हात लावत होतात. तिसरी खोली मला पसंत पडली होती. नवी फरशी, हवा, खिडकीतून लांबवर मेट्रो दिसणारी, आणि भाडं फक्त आठ हजार. मी ओनरला होय म्हणणार, तेवढ्यात तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि नळ सोडलात. बोललात काही नाही. पाणी वाहू दिलंत बराच वेळ, ओठ हलत होते, बहुतेक मोजत होतात. मग ओंजळ धरलीत. एक घोट घेतलात, तोंडात तसाच धरून ठेवलात, डोळे मिटून, देवळातलं तीर्थ घेतल्यासारखं. ओनरही गप्प उभा. मग मोरीकडं जाऊन चूळ थुंकलात आणि नळाच्या तोंडाभोवतीचा पांढरा क्षार नखानं खरवडून मला दाखवलात.

"बोअर," म्हणालात. ओनरशी कन्नडात दोन वाक्यं बोललात. कावेरीचं पाणी आठवड्यातून दोनदा, तेही आलं तर, बाकी बोअर आणि टँकर. मग माझ्याकडं वळून तुम्ही विचारलंत,

"मुलगी केवढी आहे?"

"चार वर्षांची."

"मग नको."

एवढंच. आणि जिना उतरायला लागलात.

काका, त्या दिवसापर्यंत सगळ्यांनी मला पगार विचारला, जात विचारली, कितीजण राहणार ते विचारलं, मटण शिजवणार का तेही विचारलं. माझी पोरगी केवढी आहे हे कुणी विचारलं नव्हतं. ती तेव्हा पाचशे किलोमीटरवर आजीच्या मांडीवर होती आणि तुम्ही तिचं पाणी चाखून बघत होतात. ओळख किती, तर पाच तासांची.

खाली आल्यावर तुम्ही हिशेबही मांडून दाखवलात, कारण माझं तोंड पडलं होतं. आठ हजारांच्या खोलीत प्यायला वीस लिटरचा कॅन दिवसाआड, महिन्याला सहाशे. टँकरची वर्गणी पाचशे. झाले नऊ हजार शंभर, शिवाय पोरीची अंघोळ त्याच खाऱ्या पाण्यानं. आणि नऊ हजारांच्या खोलीत कावेरी. आत्ता मी ज्या जिन्यात बसलोय तो त्याच खोलीचा. मेट्रोपासून लांब आहे म्हणून मेट्रोजवळच्या तसल्याच खोलीपेक्षा दोन हजारांनी स्वस्त, आणि कारखान्याला चालत वीस मिनिटं. मेट्रो लागतेच कुणाला.

पुढचं सगळं तुम्ही केलंत, मी मागं पिशवी धरून उभा होतो. दहा महिन्यांचं भाडं अडव्हान्स, म्हणजे डिपॉझिट, मागत होते, साठ हजारांवर आणलात. खोली सोडताना पेंटिंगसाठी त्यातनं एकाच महिन्याचं भाडं कापायचं हे करारात लिहून घेतलंत. मीटर वेगळा आहे का बघितलंत, आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरच्या आरआर नंबरवरून काढायला लावलंत, म्हणून आज सरकारच्या गृहज्योती योजनेत माझं वीजबिल शून्य येतं. सामानाला वेगळा टेम्पो करू दिला नाहीत. "तुमच्या उद्यमबागेतनं कास्टिंगच्या गाड्या पीण्याला येतातच की रोज, एका कोपऱ्यात टाक." टाकलं. लोखंडी कपाट आणू नको म्हणाला होतात तेवढं फक्त ऐकलं नाही. ते अजून तळमजल्यावर ओनरच्या स्कूटरशेजारी उभं आहे, जिन्याच्या वळणावर मावत नाही.

माझे बाबा, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून, दर एक नोव्हेंबरला दंडाला काळी पट्टी बांधून फेरीला जाणारे. त्याच दिवशी शेजारच्या रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक. मी हे दोन्ही आवाज एकदम ऐकत मोठा झालो, आणि कुणाचं बरोबर यावर भांडायला आमच्याकडं माणसांची कधी टंचाई पडलेली नाही. दोन्हीकडं ढीग आहेत. घरी फोनवर तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा मला जरा धाकधूकच होती. बाबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पाणी चाखून बघितलं म्हणतोस?" होय म्हटलं. "मग जाणता माणूस आहे. त्यांना सोडू नकोस." आणि आईला फोन देऊन टाकला.

मावसभावाचा परवा मेसेज आला होता. सेटल झालास का, घर कसं मिळालं, अडव्हान्स किती, आमच्या ऑफिसातल्या एकाला पण बघायचंय. उत्तर काय द्यावं सुचेना. शेवटी त्या ऑफिसातल्या माणसाचा नंबर मागून घेतला आणि त्याला थेट फोन केला. त्याला लहान मुलगा आहे, दीड वर्षाचा. पुढच्या शनिवारी त्याच्याबरोबर दोन खोल्या बघायला जातोय. नळ कसा सोडायचा, किती वेळ वाहू द्यायचा, हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं होतं. तुम्ही नेमकं किती मोजत होतात?

पगार झाला की आधी तो कागद पुन्हा मांडायचा आहे, पुढच्या महिन्याचा. पोरीची फी सहाशेनं वाढली आणि गॅस ह्या वेळी महिनाही पुरला नाही. एक ओळ कुठं घालायची ते कळत नाही, त्यामुळं तुमच्याकडं यावंच लागणार. काकूंना सांगा, कुंदा आणणार आहे, पण तुमच्या वाटणीला बोटाच्या पेराएवढाच. तुमची साखर किती आहे ते त्यांनी मला सांगितलंय.

आणि ते निळं पेन माझ्याच खिशात राहिलंय त्या दिवसापासून. महिनाभर त्यानंच हिशेब लिहिला. रविवारी आणून देतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरनं खाली उतरवलेला बेळगावकर